एवढ्याशानं काय होतंय?

माधवराव डॉक्टरांच्या ओट्यावर एक वाक्य बोलायला बंदी होती. तिथं बसून कुणी सरकारला नावं ठेवली, शेजाऱ्याची निंदा केली, फुकट औषध घेऊन वर ते कडू आहे म्हणून तोंड वाकडं केलं, तरी ते ऐकून घेत. पण "एवढ्याशानं काय होतंय, डाक्टरसाब?" असं कुणी म्हटलं की हातातलं काम तसंच ठेवून उठत आणि आत निघून जात. मग कितीही हाका मारा, बाहेर येत नसत. शेवटी त्यांची म्हातारी आई, जिजी, दारात यायची आणि म्हणायची, "बोललास ना ते? जा बाबा आता. उद्या ये."

जालन्यात मस्तगडला त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत होती. मी थोरली सून म्हणून आमच्या घरात आले तेव्हा माधवराव पन्नाशीला टेकले असतील. उंच, किडकिडीत. शेरवानीची वरची गुंडी ऐन उन्हाळ्यातसुद्धा लावलेली. डॉक्टरकी ते हैदराबादला उर्दूतून शिकले होते, त्यामुळे नाडीला नब्ज म्हणत आणि रागावले तर उर्दूत रागावत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या की यांचा राग कळत नाही म्हणून लागतही नाही. सरकारी दवाखान्यातली नोकरी त्यांनी केव्हाच सोडली होती. घराच्या ओट्यावरच पेशंट बघत.

कुणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "काय खाल्लं?" एकदा घनसावंगीकडच्या एका माणसाला गाडीत घालून आणलं. पाय मोडून लोंबत होता. माधवरावांनी विचारलं, "काय खाल्लं?"

तो कळवळून म्हणाला, "डाक्टरसाब, बैलानं लाथ मारली हो!"

"ते दिसून राह्यलं मला. त्याच्या आधी काय खाल्लं?"

पाय त्यांनी नीट बसवला, पण त्या माणसानं सकाळी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली होती हे वदवून घेतल्यावरच. गावातली टवाळ पोरं त्यांच्यामागे "काय खाल्लं डाक्टर" असं ओरडायची. ते वळून बघायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "हां, काय खाल्लं?" पोरं पळून जायची.

आमच्याकडे अंगावर चट्टे उठले, खाज सुटली, ओठ सुजले, की निदान एकच, पित्त. उपायही एकच. अंगाला काव फासायची आणि घोंगडं पांघरून बसायचं. माधवरावांना ते पटत नसे. ते म्हणत, पित्त हे नुसतं नाव झालं, कारण कुठं कळलं? सगळी पंगत तेच अन्न जेवते आणि एकाच्याच अंगावर उठतं, मग खोट अन्नात नाही आणि त्या माणसातही नाही. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, इतकंच. आता अ‍ॅलर्जी हा शब्द पोरासोरांच्या तोंडी आहे. तेव्हा त्यांना त्यासाठी मराठीत शब्द सापडत नव्हता आणि उर्दूतही. म्हणून ते 'जमत न्हाई' असंच म्हणत. "हिचं दुधाशी जमत न्हाई." "याचं अंड्याशी बिलकुल जमत न्हाई." ऐकणाऱ्याला वाटावं, सोयरिकीची बोलणी फिसकटली.

मुंबईहून टपालानं त्यांना डॉक्टरांचं एक इंग्रजी मासिक येई. शेजारी डिक्शनरी ठेवून ते एकेक ओळ वाचत. त्यातूनच ते सुई टोचायचं शिकले. हाताच्या आतल्या बाजूला सुईनं जरासं खरवडायचं, त्यावर डाळीचं, दुधाचं, मासळीचं, ज्याचा संशय असेल त्याचं पाणी थेंबभर ठेवायचं आणि बघत बसायचं. थेंबाखाली फुगून आलं की संशय बळावला. प्रत्येक वेळी तोच थेंब आधी स्वतःच्या हातावर ठेवत. त्यांचा डावा हात ठिपक्याठिपक्यांनी भरून गेला होता. मस्तगडच्या बायका म्हणत, डाक्टरानं गोंदायचा धंदा काढलाय, एखादं तुळशीवृंदावन तरी काढा म्हणावं.

पण सुईवर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. "कातडं अर्धंच सांगतं," ते म्हणत. कुणाच्या हातावर गाठ उठते आणि तो तोच पदार्थ खुशाल खातो. कुणाचा हात स्वच्छ राहतो आणि घास पोटात गेला की तो लोळतो. म्हणून मग तो पदार्थ काही दिवस बंद करायचा, बरं वाटतं का बघायचं. पण डॉक्टरानं सांगितलं म्हणून आमच्याकडे कोण खायचं बंद करतंय? देवासाठी मात्र लोक पाणीसुद्धा सोडतात. माधवराव स्वतः देवळात कधी गेलेले मी पाहिले नाहीत, पण पंचांग त्यांना भटजीपेक्षा बरं कळायचं. या सणाला कुठलं धान्य चालत नाही, त्या वाराला काय वर्ज्य, हे बघून ते पेशंटला व्रत सांगत. लोक व्रत पाळत आणि यांची तपासणी होई.

भोकरदनची एक बाई यायची. दर एकादशीला तिच्या अंगावर उठायचं. देवाला माझी सेवा नको, असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि त्या दुःखानं ती आणखी कडक उपास करायची. माधवरावांनी विचारलं, "उपासाला काय खाता?" भगर, रताळी आणि शेंगदाण्याची आमटी. ते म्हणाले, "पुढची एकादशी नुसत्या दूध-रताळ्यावर करा. देवाला तेच हवं असल." बाई महिन्याभरानं आली ती रडतच आली. अंगावर काही उठलं नव्हतं. देव रागावलेला नाही, एवढंच तिला हवं होतं. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "शेंगा परत खाऊ घालून बघावं का? खात्री व्हईल."

माधवरावांचा चेहरा उतरला. म्हणाले, "शेंगांचा इम्तिहान मी घेत न्हाई. दुसऱ्या कशाचाबी सांगा."

भुईमुगाची शेंग त्यांच्या घरात येतच नसे. त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. जिजी काशीला जाऊन आल्या होत्या. काशीला गेलेलं माणूस आवडीचा एखादा पदार्थ तिथं जन्मभरासाठी सोडून येतं. मग ते कुणाकडे जेवायला गेलं की यजमानीण आधी विचारते, "काय सोडलंय?" आणि जे सोडलं असेल ते त्या ताटात वाढत नाही. वाढलं तर पाप वाढणारीला. जिजींनी शेंगा सोडल्या होत्या. मला तेव्हा वाटायचं, म्हातारीला शेंगा फार आवडत असतील.

त्या काशीला का गेल्या हे आत्याबाईंनी मला सांगितलं होतं. माधवरावांची बायको बाळंतपणात गेली. मागे राहिलेली मुलगी, शकू, जिजींनी वाढवली. ती पाच वर्षांची होऊन एकाएकी गेली. आकडी आली होती, असं माधवराव सांगत. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि जिजींनी काशी केली.

त्यांच्या माजघरात, देव्हाऱ्याशेजारी कोनाड्यात, दोन तांब्याची भांडी असत. एक जिजींचा गंगेचा गडू. त्याचं तोंड लाखेनं बंद केलेलं. मरताना तोंडात घालायचं पाणी ते, त्यामुळे त्याला कुणी हात लावत नसे. दुसरा एक तांब्या, त्यात ओली वाळू. त्या वाळूत काचेची एक कुपी पुरलेली असे. सुईचं औषध होतं ते, उन्हानं खराब होऊ नये म्हणून गारव्यात ठेवलेलं. माधवराव रोज वाळूवर पाणी शिंपडत. दर वर्षी जुनी कुपी फेकून देत आणि मुंबईहून नवी मागवत. इतक्या वर्षांत एकही वापरली गेली नव्हती. मी एकदा विचारलं, "कशावर असतं हे औषध?"

"उशिरावर," ते म्हणाले आणि पाणी शिंपडत राहिले.

मग आमच्या घरात कमळ आली. माझ्या धाकट्या दिराची बायको. सोळा-सतरा वर्षांची असेल. लग्नाआधीच आई गेलेली, घनसावंगीजवळच्या खेड्यात वडिलांच्या आणि चुलतीच्या हाताखाली वाढलेली. कामाला वाघ, तोंडानं मुकी. तिनं नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि तेच तिच्या जिवावर बेतलं.

लहानपणी तीळ खाल्ला की तिचं तोंड खाजायचं. आईनं कधी बळजबरी केली नाही आणि पोरीला तीळ आवडत नाही म्हणून सोडून दिलं. ही गोष्ट आईबरोबरच गेली. सासरी कोण सांगणार? पहिली संक्रांत आली. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी तिच्या पानात पडली. ती तिनं गुपचूप खाल्ली, आणि संध्याकाळी ओठ चावत बसली होती ते मी थंडीमुळे असेल असं समजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हळदीकुंकू. नव्या सुनेचा तो मोठा कौतुकाचा दिवस. काळी चंद्रकळा, त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. प्रत्येक दाण्याच्या पोटात तीळ. गल्लीतल्या सवाष्णी येत होत्या आणि एकेक जण तिच्या तोंडात तिळाचा लाडू घालत होती. "गोड बोल गं पोरी," म्हणत होत्या. ती घेत होती. तिसऱ्या की चौथ्या लाडवाला तिनं हात वर केला. मला वाटलं लाजतेय. एक बाई हसून म्हणाली, "घे की, एवढ्याशानं काय होतंय?"

बघता बघता तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि ती पाटावरून खाली आली. हलव्याचे दाणे घरभर उधळले. कुणी म्हणालं अंगात आलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. मी परसात धावले आणि भिंतीवरून ओरडले.

माधवराव अनवाणी आले. आमच्या दारात पाऊल ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "काय खाल्लं?" त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"तिळगूळ," मी म्हणाले.

ते मागे वळून गरजले, "जिजी, वाळूचा तांब्या!" जिजींना नीट चालवत नव्हतं, पण तांब्या कसा आला ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी कुपी फोडली, सुई भरली आणि कमळच्या दंडात दिली. मग तिचं मनगट धरून तिथंच, हलव्यावर, मांडी घालून बसले. शिट्टी हळूहळू कमी झाली. श्वास नीट चालू लागला. चेहऱ्यावर रंग आला. दिवेलागण होईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. सोडलं तेव्हा मी दिलेलं पाणी ते घटाघटा प्यायले, निम्मं शेरवानीवर सांडलं. "बराबर वेळेत आलो," ते म्हणाले. "या वेळी आलो."

पोरगी वाचली, पण सून वाचली नव्हती. पहिल्या संक्रांतीला, भर हळदीकुंकवात, सवाष्णींच्या देखत सून पडली, हे आत्याबाईंच्या मनातून जाईना. त्या वाईट नव्हत्या. घाबरट होत्या, आणि घाबरलेलं माणूस कधी कधी वाईटापेक्षा जास्त नुकसान करतं. घराला हे बरं नाही, हिला माहेरी पाठवून द्यावं, असं त्यांनी बोलायला सुरुवात केली. दीर आईच्या शब्दाबाहेर नव्हता. माहेरी गेलेली ती परत येणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं. कमळ चुलीपुढे बसून राहायची आणि मी काही विचारलं की म्हणायची, "बाई, मी काय केलं हो?"

माधवराव आत्याबाईंना समजावायला आले. तिचं तिळाशी जमत नाही, एवढंच आहे, बाकी पोरगी धडधाकट आहे. आत्याबाई म्हणाल्या, "तिळानं कोणी पडतं का कुठं? दाखवा मला."

ते काही दिवस थांबले. मग एका सकाळी वाळूच्या तांब्यात नवी कुपी ठेवून, तो जवळ घेऊन, आमच्या सोप्यावर बसले. स्वतःच्या, माझ्या आणि कमळच्या हातावर सुईनं खरवडलं आणि तिळाच्या पाण्याचा थेंब ठेवला. आत्याबाई समोर बसल्या होत्या. माझ्या हातावर काही नाही. डॉक्टरांच्या हातावर काही नाही. कमळच्या हातावर मात्र बघता बघता लिंबाएवढी गाठ उठली, भोवताली लाल.

"बघा," माधवराव म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या विद्यार्थ्यासारखा आनंदी होता. "आता तरी पटलं?"

आत्याबाईंना पटलं होतं, पण भलतंच. त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "श्राद्धाला तीळ कशाला टाकत्यात, डाक्टरसाब? वाईट ते पळावं म्हणून. तुम्हाला काही न्हाई, थोरलीला काही न्हाई, आन् हिला देवाचा तीळ नुसता टेकला तर हे असं! मला शंका होती, तुम्ही खात्री करून दिली."

त्याच दुपारी घनसावंगीकडे निरोप गेला की लेकीला न्यायला गाडी घेऊन या.

माधवरावांना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसं पाहिलं नाही. ओट्यावर पेशंट खोळंबले होते आणि ते खांबाला टेकून बसले होते. मला म्हणाले, "वहिनी, मी खरं तेच दाखवलं. तेच तिच्या गळ्याशी आलं." त्यांनी सुया पुसून डबीत ठेवल्या. इतकी वर्षं वाचून, टोचून, हाताची चाळण करून जे हाती आलं, ते आमच्या सोप्यावर असं वाया गेलं होतं. मला फार वाईट वाटलं, त्यांचंही आणि कमळचंही, आणि काय करावं ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजी आमच्या घरी आल्या. त्या कुठं जात नसत. भिंतीला धरत, थांबत, पदराखाली काहीतरी झाकून आल्या आणि आत्याबाईंच्या समोर बसल्या.

"सरस्वती, पोरीला माघारी लावून राह्यलीस म्हणं."

"जिजी, तुमच्या लेकानंच दाखवलं. देवाचं सोसत न्हाई तिला."

"माझ्या शकूला एकादशी सोसली न्हाई," जिजी म्हणाल्या. "मंग ती भूत होती का?"

शकूचं नाव जिजींच्या तोंडून इतक्या वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

"माधवनं मला सांगितल्तं. जिजी, तिचं शेंगांशी जमत न्हाई. दोनदा अंगावर उठलंय, आता उठलं तर काय व्हईल सांगता येत न्हाई, तिला देऊ नको. मी हो म्हटलं. एकादशीला मी फराळाला बसले, ती मांडीवर. आजीच्या उपासाच्या ताटात नातीचा घास असतोच की गं. शेंगदाण्याचा लाडू होता. तिनं हात पुढं केला." जिजींनी आपला हात तसाच पुढे केला आणि त्याकडे बघत राहिल्या. "मी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय. माधव दवाखान्यात गेल्ता. तो येईपर्यंत संपलं होतं."

सोप्याच्या दारात सावली पडली. माधवराव आईला शोधत आले होते. जिजींनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांना कळलं असावं.

"तो सगळ्यांना सांगतो आकडी आल्ती. मलाबी तेच सांगतो. म्हातारीच्या जिवाला लागू नये म्हणून सांगतो. त्याला वाटतं मला माहीत न्हाई. मी काशीला जाऊन शेंगा सोडल्या ते काय मला आवडत होत्या म्हणून? त्याच्या शब्दानं घरात बंद झाल्या न्हाईत त्या. काशीत सोडल्या तव्हा झाल्या. आधी सोडल्या असत्या तर."

माधवराव दाराची चौकट धरून उभे होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

जिजींनी पदराखालून गंगेचा गडू काढला. आत्याबाई ओरडल्याच, "जिजी, ते तुमच्या शेवटच्या घोटाचं हाये!" पण जिजी घरूनच उलथण्याच्या टोकानं लाख उचकटून आल्या होत्या. त्यांनी कमळला जवळ बोलावलं, तिच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"म्हण, गंगेच्या साक्षीनं तीळ सोडला. जन्मभर सोडला."

कमळनं म्हटलं. त्या घरात तिचा एवढा स्पष्ट आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"झालं," जिजी म्हणाल्या. "आता तिला जो कोणी तीळ खाऊ घालील, पाप त्याला. सरस्वती, तू घालणार हायेस का?"

आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले. "शेवटी तोंडात काय घालायचं हो तुमच्या?" त्या रडत विचारत होत्या.

"आडाचं पाणी काय वाईट हाये?" जिजी म्हणाल्या. माधवराव आत आले, रिकामा गडू उचलला आणि आईचा हात धरून तिला सावकाश उठवलं. "चल, जिजी," एवढंच म्हणाले. पायरी उतरताना त्यांनी तिला जवळजवळ उचलूनच घेतलं होतं. दोघं त्यावर काय बोलले, ते भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

माहेरची गाडी आली ती पाहुणचार घेऊन परत गेली. तेव्हापासून कमळच्या पानाची राखण आत्याबाई स्वतः करत, आणि अशी करत की वाढणाऱ्या बायकांना कापरं भरे. "आमच्या धाकटीनं तीळ सोडलाय!" हे त्या अशा ऐटीत सांगायच्या की जणू काशी त्यांनीच घडवली. माधवरावांचंही एक बदललं. ओट्यावर कुणी ते बंदी घातलेलं वाक्य बोललं तर आता ते उठून आत जात नसत. त्या माणसाला बसवून घेत आणि म्हणत, "माझी पोर एवढ्याशानंच गेली. कशी गेली ते ऐका." आकडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षी कमळला अधूनमधून परत खाज सुटू लागली, तीळ नसताना. आत्याबाई पुन्हा घाबरल्या. माधवराव सकाळीच घाण्यावर जाऊन बसले, जिथून आमचं करडईचं तेल यायचं. घाणेवाला वैतागला. "डाक्टरसाब, बैलाची नब्ज बघायला आलात का?" हे आपले बसूनच. दुपारी पाहिलं, तिळाचा घाणा उतरवला की त्याच लाकडी उखळात, वरवर पुसून, करडई पडते. हे उठले, उखळाच्या तळाशी बोट फिरवून वास घेतला आणि हसले. घरी येऊन ते सांगतानाही हसत होते, आणि त्यांना इतकं मोकळं हसताना मी तेवढंच पाहिलं. मग ठरलं की आमची करडई तिळाच्या घाण्यानंतर कधी टाकायची नाही. खाज थांबली. घाणेवाला गावभर सांगत सुटला की डाक्टर आता माझ्या घाण्यालाबी काय खाल्लं इचारतो.

जिजी त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटचा घोट त्यांनी आडाच्याच पाण्याचा घेतला. ते पाणी कमळनं शेंदून आणलं होतं. जिजींनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

कमळला मुलगी झाली, सुमन. आईचं न जमणं लेकीत येतं का, असं मी विचारलं. माधवराव म्हणाले, "येईल, न येईल. मला माहीत न्हाई. ज्याला माहीत न्हाई त्यानं घाबरून न्हाई, जपून राहावं." तिला सुई टोचायची त्यांनी घाई केली नाही. ती त्यांच्या ओट्यावरच वाढली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पोरगी हातातला खाऊ त्यांच्यापुढे धरायची, आणि ते तिच्या डोक्यावर हात फिरवून दुसरीकडे बघायचे. लेकराच्या हातचा घास ते घेत नसत. मी कधी विचारलं नाही.

निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने आले. रोज काही ना काही कानावर यायचं, बाजार लवकर बंद व्हायचे. आमच्या घरी ठरलं की बायका-पोरांना सरहद्दीपलीकडे देऊळगावराजाला पोचवायचं. माधवराव येणार नव्हते. "आजारी माणसं इथंच हायेत, मी तिकडं काय करू?" म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सुई द्यायला शिकवली, वांग्यावर. आणि सकाळी वाळूचा तांब्या माझ्या मांडीवर आणून ठेवला. वाळू ओली होती. "रोज पाणी शिंपडा, वहिनी. तिकडं कुणी काय खाऊ घालील सांगता येत न्हाई. लोक दयेनंच देत्यात, म्हणून जास्ती भ्याव."

बैलगाडी त्यांच्या ओट्याशी थांबली होती. आत्याबाई, कमळ, मी, बोचकी. सुमन आईच्या मांडीवरून उतरून गाडीच्या कडेशी आली. वाटेसाठी केलेला गूळ-भाकरीचा मलिदा तिच्या मुठीत होता. तिनं मूठ माधवरावांच्या तोंडापुढे नेली. त्यांनी नेहमीसारखा तिच्या डोक्याकडे हात नेला.

पण मूठ मधेच थांबली होती. पोरगी त्यांच्याकडे बघत होती. पाच वर्षांची असेल तेव्हा. तिनं विचारलं, "आजोबा, तुमी काय सोडलंय?"

गाडीवान कासरा धरून थांबला. ती वाट बघत उभी होती, हात तसाच धरून, उत्तर आल्याशिवाय घास द्यायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काही न्हाई, बाई," ते शेवटी म्हणाले. "काहीच सोडलं न्हाई. दे."

ते वाकले आणि त्यांनी तिच्या हातून घास घेतला.

आम्ही परतलो तेव्हा राज्य बदललं होतं आणि ओटा रिकामा होता. तापाच्या साथीत पेशंट बघता बघता स्वतः पडले, असं शेजारी म्हणाले. मी ते ऐकलं, पण मला ते दिसत नाही. मला दिसतं ते एवढंच. बैल चालू लागलेत, मांडीवर ओल्या वाळूचा तांब्या हिंदकळतोय, आणि मागे ओट्याशी माधवराव उभे आहेत. शेरवानीची वरची गुंडी उघडी आहे. ते सावकाश घास चावताहेत आणि डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातही येत नाही.